मागचे ड्रम उघडून पाहायला हवेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नागनदीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा माझी सन २००६ ची छोटी गाडी चाके बुडतील एवढ्या पाण्यात काही तास उभी होती. पाणी ओसरल्यावर एका गॅरेजमध्ये तिचे इंजिन ऑइल बदलण्यात आले, गाद्या वाळवण्यात आल्या, ब्रेकचे पेडल दाबून पाहिले गेले आणि ब्रेक ठीक असल्याचे मला सांगण्यात आले. डिसेंबरात सेमिनरी हिल्सच्या चढावर गाडी थांबवून मी हँडब्रेक ओढला, तेव्हा दांडा अगदी वरपर्यंत आला आणि तरीही गाडी मागे सरकू लागली. पत्नी आणि नात आत बसलेल्या होत्या. माझा पाय पेडलवरून निघालेला नव्हता म्हणून अनर्थ टळला.

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा विषय शिकवून निवृत्त झालेले माझे मेहुणे दुसऱ्याच दिवशी घरी आले आणि त्यांच्या देखरेखीखाली आम्ही अंगणात मागचे दोन्ही ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे गोल डबे, उघडले. आत पुराचा गाळ वाळून बसलेला होता. ब्रेक लावताच ड्रमला आतून टेकणाऱ्या कमानींना शू आणि त्यांवरील घर्षणाच्या थराला लायनर म्हणतात. शू ड्रमच्या जवळ राखणारा ॲडजस्टर गंजून जाम झाला होता, त्यामुळे लायनर झिजत गेले तसे शू ड्रमपासून दूरच राहत होते आणि हँडब्रेकची केबल कितीही ओढली तरी ते ड्रमला नीट टेकत नव्हते. शूंना ऑइलच्या दाबाने बाहेर ढकलणाऱ्या डाव्या बाजूच्या व्हील सिलिंडरचे रबर खराब होऊन ब्रेक ऑइल झिरपत होते व त्या बाजूचा एक लायनर त्यात भिजलेला होता. पेडल नेहमीपेक्षा थोडे खोल जात असल्याचे मला जाणवले होते. परंतु गाडी थांबत होती, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही.

गाडी थांबत होती याचे कारण साधे आहे. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबवण्याचे बहुतांश काम पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेकच करतात आणि मागचे ब्रेक निकामी होत आले तरी सपाट रस्त्यावर चालकाला त्याचा पत्ता लागत नाही. डिस्कचे पॅड चाकाच्या फटीतून दिसू तरी शकतात. ड्रम मात्र बंद डब्यासारखा असतो. मारुती ८००, ऑल्टो, सँट्रो, इंडिका अशा ज्या गाड्या आजही आपल्या शहरात मोठ्या संख्येने धावतात, त्या सर्वांना मागे ड्रमच आहेत. त्यांतील बऱ्याच गाड्यांची पंधरा वर्षांची पहिली नोंदणी संपून पुढे दर पाच वर्षांनी त्यांना योग्यता तपासणीला जावे लागते. मधल्या पाच वर्षांत ड्रम उघडला जातो की नाही, हे केवळ मालकाच्या काळजीवर अवलंबून असते.

मागचे लायनर घरी बदलू नयेत, ते मिस्त्रीचेच काम आहे, असे अनेकांचे म्हणणे असते. मला ते पटत नाही. गॅरेजमध्ये घाईने केलेल्या कामापेक्षा घरी एक पूर्ण सकाळ देऊन केलेले काम अधिक चोख होऊ शकते, हे मी स्वतः पाहिले आहे. मात्र त्यासाठी काही गोष्टी मनाशी पक्क्या असाव्या लागतात.

पहिली गोष्ट गाडी उचलण्याची. एरवी चाक बदलताना आपण हँडब्रेक ओढून ठेवतो, पण येथे तीच सवय घातक ठरते. हँडब्रेक मागच्याच चाकांवर चालतो. तो ओढलेला असेल तर ड्रम निघत नाही, आणि मागची चाके हवेत गेल्यावर त्याचा गाडीला धरून ठेवण्यासाठी काही उपयोगही उरत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, हँडब्रेक सोडावा आणि मगच जॅक लावावा. उचललेली गाडी जॅकच्या भरवशावर कधीही ठेवू नये, खाली भक्कम घोडी, म्हणजे गाडी पेलून धरणारा लोखंडी स्टँड, हवीच. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो आणि भर दुपारी डांबर इतके मऊ होते की घोडीचे पाय त्यात रुतू शकतात. त्यामुळे हे काम सकाळी आणि सिमेंटच्या सपाट जागेवरच करावे.

ड्रम अडकला तर हातोड्याने घाव घालू नयेत, कारण ओतीव लोखंड तडकते. अनेक ड्रमना आटे पाडलेली दोन छिद्रे असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेले की ड्रम सरळ बाहेर येतो. काही गाड्यांत मधली टोपी व तिच्याआडचा मोठा नट काढावा लागतो, म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका आधी वाचलेली बरी.

ड्रम निघाल्यावर दिसणाऱ्या काळ्या धुळीविषयी मला सर्वांत कळकळीने लिहायचे आहे. शहरातील कित्येक गॅरेजांत ही धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवली जाते आणि शेजारी पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा नाकाला रुमालही न बांधता उभा असतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज वापरले जात असे आणि पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या वापरावर आपल्या देशात आजही संपूर्ण बंदी नाही. त्याचे तंतू फुप्फुसात शिरले की त्यांचे दुष्परिणाम कित्येक वर्षांनी, कधी तीस-चाळीस वर्षांनी, दिसतात. याच कारणाने सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला होता. लायनर कोणत्या पदार्थाचा आहे हे उघड्या डोळ्यांना कळत नाही. तेव्हा धूळ फुंकू नये, कोरड्या ब्रशने झटकू नये. साबणाच्या पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसावी, ते फडके पिशवीत बांधून टाकावे आणि तोंडावर चांगला मास्क असावा. नवे लायनर घेताना ॲस्बेस्टॉसविरहित असे छापलेलेच मागावेत.

प्रत्यक्ष बदलताना दोन्ही ड्रम काढले तरी एका वेळी एकाच बाजूचे शू व स्प्रिंगा सोडवाव्यात, म्हणजे कोणती स्प्रिंग कोठे बसते हे दुसऱ्या बाजूकडे पाहून ठरवता येते. दोन्ही शू सारखेच दिसले तरी हँडब्रेकची पट्टी एकाच शूला जोडलेली असते, आणि काही गाड्यांत दोन्ही शूंच्या लायनरची लांबीही वेगळी असते. ड्रम बाहेर असताना कोणीही पेडल दाबू नये, अन्यथा सिलिंडरमधील पिस्टन बाहेर येतात. ऑइलने भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावणे हा शुद्ध धोका आहे. तो फेकावा, आणि झिरपणारा सिलिंडर दुरुस्त केल्याशिवाय नवा लायनर लावू नये. लायनर नेहमी दोन्ही चाकांचे एकत्र बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. ड्रमची आतली बाजू झिजून कडेला काठ आला असेल तर ड्रमवर कोरलेले कमाल व्यासाचे माप पाहून, मर्यादेत असेल तरच, लेथवर साफ करून घ्यावा. जुन्या स्प्रिंगांवर मात्र कोणी खर्च करत नाही. आमच्या गाडीतील स्प्रिंगा ताणून सैल झालेल्या होत्या. त्या तशाच ठेवल्या असत्या तर नवे शू नीट मागे आले नसते आणि घासत राहून तापले असते.

सिलिंडर बदलला की ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढावी लागते आणि त्याला दोन माणसे लागतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट ३ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, तर पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. म्हणून वर्षभर उघड्या पडलेल्या डब्यातले ऑइल वापरू नये. शेवटी चाक हाताने फिरवून किंचित घासल्याचा आवाज येईल एवढा ॲडजस्टर आवळावा, मोकळ्या मैदानावर कमी वेगात गाडी अनेकदा थांबवून पाहावी आणि हँडब्रेक चढावर तपासावा. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल तर गाडी रस्त्यावर काढू नये आणि तेथे मात्र जाणत्या मिस्त्रीलाच बोलवावे.

ज्यांना हे हाताने करणे शक्य नाही त्यांनीही गॅरेजमध्ये ड्रम आपल्या समोर उघडण्याचा आग्रह धरावा. पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या मालकांना, आणि अशा गाड्या पुढे जुन्या बाजारातून विकत घेणाऱ्यांना, माझी ही विशेष विनंती आहे.

आपल्या दैनिकामार्फत नागपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेलाही एक सूचना करावीशी वाटते. मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम तेथे शिकवला जातो. पावसाळ्यापूर्वीच्या दोन-तीन रविवारी एखाद्या जुन्या गाडीचा ड्रम उघडून तो स्वच्छ कसा करावा, धूळ कशी हाताळावी आणि घोडी कशी लावावी, एवढे नागरिकांना व लहान गॅरेजांतील मुलांना दाखवता येईल. माझ्या मेहुण्यांनी अशा वेळी विनामूल्य येऊन शिकवण्याची तयारी दाखवली आहे.

आपला,
एक वाचक,
अंबाझरी लेआउट, नागपूर