घुशींचा बंदोबस्त शिवारभर एकाच वेळी हवा

महोदय,

मुरबाड तालुक्यात भात कापणीला आले की रानडुकरांच्या बातम्या येतात; बांधाखालच्या घुशीची मात्र बातमी होत नाही, कदाचित ती दिसत नाही म्हणून. गेल्या आठवड्यात आमच्या खाचरात भाताच्या काड्या बुडाशी तिरक्या कातरून पडल्या होत्या आणि बांध खणला तेव्हा बिळाच्या कप्प्यातून पाटीभर लोंब्या निघाल्या. नुकसान एवढ्यावर थांबत नाही, कारण पोखरलेल्या बांधातून पाणी निसटते आणि नेमके दाणा भरताना खाचर कोरडे पडते. एकट्याने औषध घालून उपयोग नाही, शेजारच्या शेतातून घुशी पुन्हा येतात. संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवून सकाळी उकरलेली तेवढी जिवंत, म्हणजे घुशीच्या वापरातली धरावीत, दोन-तीन दिवस साधे भरडलेले धान्य ठेवून घुशींची भीड मोडावी आणि मगच झिंक फॉस्फाईड या विषाचे आमिष बिळात आतवर घालावे. हे काम संपूर्ण शिवारात एकदम व्हावे, यासाठी कृषी विभागाने भात पोटरीत येण्याआधीच, म्हणजे लोंबी पानाच्या आवरणात फुगण्याआधीच, गावोगाव मोहीम आखावी. घुशी-उंदीर खाणारी धामण दिसताच काठी उचलणाऱ्यांनाही (त्यात आमच्या घरचेही आले) तेव्हाच समजावता येईल.

— एक भातउत्पादक शेतकरी, मुरबाड (जि. ठाणे)