मेस्त्रीकाका, त्या अकरा फुल्यांसाठी

आदरणीय मेस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

२ सप्टेंबर २०२५ला गौरी-गणपती पाण्यात गेले आणि ४ तारखेला आम्ही डोंबिवलीला परत आलो. घरात पाऊल टाकल्यापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. निघताना तुमच्या पाया पडले तेव्हाच सगळं बोलायचं होतं. पण गळा दाटून आला, बाहेर रिक्षावाला खोळंबला होता, आणि "येते काका" एवढंच तोंडातून निघालं. तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही हे ठाऊक आहे. तुमची नात वाचून दाखवेल. चार अनोळखी माणसांनीही वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

अडचण साधीच होती. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गावच्या घरी माणसं ३१, आणि पाठ टेकायला जागा १४ जणांची. ओटीवर रात्री एक-दीडपर्यंत भजनं चालतात, तिथे कोण झोपणार? माजघरात बायका आणि पोरं दाटीवाटीने. नवीन खोली काढायची तर जागा सामाईक. पक्कं काही बांधायला नऊ जणांच्या सह्या लागतात. त्यातले दोघे परदेशात, आणि एका दिरांनी बोलणं सोडलेलं. म्हणून दर वर्षी निम्मी माणसं कणकवलीला लॉजवर. २०२३ च्या चवथीला पाच खोल्या, चार रात्री, एका रात्रीचे २,८०० रुपये. ५६ हजार गेले त्याचं दुःख नाही. दुःख वेगळंच आहे.

ती चवथ आमच्या सासऱ्यांची शेवटची होती. पहाटे उठून, आंघोळ करून, सोवळं नेसून ते देवासमोर बसले. आरतीला माणसं येईनात. लॉजवरची मंडळी उठणार, आवरणार, रिक्षा मिळणार, मग येणार. साडेनऊपर्यंत ते तसेच बसून होते. समईत दोनदा तेल घातलं त्यांनी. मी चहा द्यायला गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरचो गणपती, आणि घरची माणसां लॉजार?" पुढच्या माघात ते गेले. २०२४ साली वर्षाच्या आत म्हणून फारसं कोणी आलं नाही. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की पुढच्या चवथीला घरचा एकही माणूस घराबाहेर झोपणार नाही.

ठरवणं सोपं होतं, माणूस मिळणं कठीण. शिमग्याला गेले तेव्हा शहरातल्या एका ठेकेदाराने रेडिमेड केबिनचे फोटो दाखवले. दोन दिवसांत उभी करतो म्हणाला आणि ३० हजार आगाऊ घेऊन गेला. पुढे "साईटवर आहे", "गाडी मिळत नाही", "सोमवारी नक्की", आणि जूनमध्ये फोन उचलणंच बंद. ते पैसे माझ्या भिशीचे होते. दुसरा एकजण आला, तो खळ्यात उभा राहून मोबाइलवर कॉटेज दाखवत होता. पाच लाख म्हणाला. आमच्या घराकडे त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. नातेवाइकांचं काय सांगू? "तुलाच हौस," इतकंच ऐकलं. त्यात पावसानेही घाई केली. यंदा तो २६ मे रोजीच मुंबईत पोचला, नेहमीपेक्षा सोळा दिवस आधी, आणि आपल्या सिंधुदुर्गात त्याच्या आदल्या दिवशी. जमीन भिजली, चिखल झाला, आता या वर्षी काही होत नाही म्हणून मी रडले होते. खोटं कशाला बोलू?

आषाढात सासूबाईंनी तुम्हाला बोलावलं ते खरं तर पडवीचा मोडका दरवाजा बघायला. तुम्ही दरवाजा बघितलात, माझं सगळं ऐकून घेतलंत, आणि मागच्या अंगाला जाऊन गोठ्यात उभे राहिलात. "वैनी, गोठो आसा मा? मगे माणसां भायर कित्याक?"

आम्हाला कुणालाच ते सुचलं नव्हतं. २०१८ ला शेवटची गाय विकल्यापासून त्या गोठ्यात फुटकी कौलं, नारळाची सोडणं आणि मोडका नांगर पडून होता. वाडीत आता गुरं तिघांकडेच. नांगराच्या जागी पॉवर टिलर आले, आणि चांगले चिऱ्याचे, कौलारू गोठे ओस पडले. आमच्यासारखीच अडचण असलेली किती घरं असतील आणि प्रत्येकाच्या मागच्या दारी असं एक छप्पर उभं असेल!

तुम्ही काय काय केलंत त्याची यादी मी करत बसत नाही, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक बांबूची. पावसात नवा बांबू तोडून चालत नाही, कोवळ्याला कीड लागते आणि महिन्याभरात पिवळा भुगा पडायला लागतो, हे तुम्हीच सांगितलंत. मग तुमच्या मागीलदारी रचून ठेवलेला माणगा बांबू तुम्ही आणलात. थंडीत तोडून, व्हाळात म्हणजे ओढ्यात बुडवून, सुकवून ठेवलेला. तो तुमच्या स्वतःच्या पडवीसाठी होता, हे मला तुमच्या घरी हळदीकुंकवाला गेले तेव्हा कळलं. तुमच्या पडवीला अजून प्लास्टिकचा कागदच बांधलेला आहे, काका. तो कागद वाऱ्याने फडफडत होता आणि माझ्या हातातला चहा थंड झाला.

दुसरी गोष्ट माच्यांची, म्हणजे झोपायच्या उंच बाजांची. मी म्हटलं होतं, खाली चटया टाकू, खर्च वाचेल. तुम्ही मान हलवलीत. "माणसांका भुयेर निजवू नकात. पावसात जनावर ऊब बघून आत येता." खरंच आहे ते. मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. म्हणून आठ माचे केलेत, जमिनीपासून दीड फूट, भिंतीला न टेकवता, मच्छरदाणी गादीखाली खोचता येईल असे. गोठ्याच्या जमिनीला मधल्या सरीकडे उतार. तुम्ही पाण्याची नळी धरून प्रत्येक पायाची उंची वेगळी काढलीत. भिंतीकडचे पाय आखूड, सरीकडचे दोन बोटं लांब. माझ्या लेकाने माच्यावर पाण्याचा तांब्या ठेवून पाहिला, पाणी जरासुद्धा कललं नाही. पश्चिमेच्या झडीला नारळाच्या झावळांची विणलेली चुडतं, पूर्वेला जाळी, भिंतींना चुना, आणि शेवटी निरगुडीच्या पाल्याची धुरी. तुमची आणि मदतनिसाची मजुरी धरून ४६ हजार. एका चवथीच्या लॉजपेक्षा कमी.

पण काका, हे पत्र मी माच्यांसाठी लिहीत नाहीये.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईत पावसाने कहर केला, लोकल बंद पडल्या. मी घरात खिडकीशी बसले होते आणि डोक्यात एकच होतं, इथे असं कोसळतंय तर तिथे गोठ्याचं काय झालं असेल? जुनी कौलं, भर पावसात परतलेली, म्हणजे काढून पुन्हा बसवलेली. रात्री तुम्हाला फोन लावला. तुम्ही एवढंच म्हणालात, "तुमी काळजी करू नकात. मी बघतंय." मला वाटलं, सगळेच म्हणतात तसं म्हणाले. त्या ठेकेदारानेही हेच शब्द वापरले होते. माफ करा मला, काका, पण त्या रात्री तुमच्यावर माझा पुरता विश्वास नव्हता.

२६ ला तुतारी एक्सप्रेसने कणकवलीला उतरलो. संध्याकाळपर्यंत गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधून झाली, कवंडळं, सुपारीची शिपटी, नारळ, तेरडा, सगळं. रात्री जेवणं उरकून सोळा जणांनी गोठ्यात अंथरुणं घातली. मी दाराजवळच्या माच्यावर आडवी झाले. बाहेर पाऊस धो धो. वर बघते तर वाशावर कोळशाने काढलेली फुली. थोडं पुढे आणखी एक. टॉर्च मारून मोजल्या तर ११ भरल्या. प्रत्येक फुलीच्या वर एक कौल बाकीच्यांपेक्षा लाल, म्हणजे बदललेलं, नाहीतर पत्र्याची पट्टी सारलेली. मला वाटलं, कामाच्या खुणा असतील.

सकाळी शेजारच्या काकी दूध घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "त्या राती गोठ्यात कंदील होतो. मेस्त्री एकलो निजलो होतो थंय."

तुम्ही झोपला होतात तिथे. त्या पावसात, वीज गेलेली, कंदील घेऊन, एकटे, वयाची पासष्टी ओलांडलेला माणूस. आणि एका जागी नाही, आठही माच्यांवर आळीपाळीने. अंगावर थेंब पडला की उठायचं, कोळशाने फुली मारायची, पुन्हा आडवं व्हायचं. सकाळी उजाडल्यावर शिडी लावून अकराही जागा नीट करायच्या. आणि मला फोन करून एक शब्द सांगायचा नाही.

चवथीच्या दिवशी तुम्ही दर्शनाला आलात तेव्हा मी विचारलं. तुम्ही जरा लाजलात आणि म्हणालात, "गळता खंय, ता उब्यान कळणा नाय. निजान बघूक व्हया." त्या रात्रीचे म्हणून मी काही द्यायला गेले तर, "ता कामातच इला," म्हणून प्रसादाचा मोदक तेवढा घेतलात.

मी तेव्हापासून या एका गोष्टीवर थांबले आहे. आजवर मला किती माणसांनी कामं करून दिली, त्यातल्या किती जणांनी ते काम आधी स्वतःच्या अंगावर घेऊन पाहिलं? आमच्या वस्तीच्या एसटीचे एक कंडक्टर होते. मी नवी नवरी असताना रात्री पाणंदीच्या तोंडाशी उतरायचे, तर माझ्या टॉर्चचा उजेड घराच्या खळ्यात पोचेपर्यंत ते गाडी सोडायचे नाहीत. नियमात कुठे होतं ते? आईच्या आजारपणात एक नर्स होत्या, इंजेक्शनची बाटली आधी आपल्या मुठीत धरून ऊबदार करायच्या. अशी माणसं बोलत नाहीत, फोटो दाखवत नाहीत, त्यांच्याकडे छापील कार्डही नसतं. मी मात्र कार्डवाल्याला ३० हजार दिले, आणि तुमच्याकडे मोडका दरवाजा घेऊन आले. याची मला फार खंत वाटते.

त्या सात दिवसांत एकदाही कुणाच्या अंगावर थेंब पडला नाही. धाकट्या जाऊबाईंचं तान्हं बाळ, जे कुठेच झोपत नाही, ते गोठ्यात पावसाच्या आवाजात सलग सहा तास झोपलं. परदेशात वाढलेल्या पुतण्याला मध्यरात्री मीच पाहिलं, तो उताणा पडून कौलांकडे बघत होता. म्हणाला, "काकी, इथेच झोपायचं पुढच्या वेळी पण." ज्या दिरांनी बोलणं सोडलं होतं ते तिसऱ्या दिवशी आले, दर्शन घेऊन निघणार होते, पावसाने अडकले आणि चौथ्या माच्यावर झोपले. सकाळी त्यांनीच शंख फुंकला. मी यात तुमचं नाव घेतलं तर तुम्ही नाही म्हणाल, पण कोरडी जागा नसती तर ते रात्रीच निघून गेले असते.

आणि आरती, काका. सकाळी सात वाजता, सगळ्या ३१ जणांची. सासूबाईंनी समई लावली आणि मागे वळून एकेकाला मोजलं. मोजून झाल्यावर त्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघून काहीतरी पुटपुटल्या. काय ते मला ऐकू आलं नाही, मी विचारलंही नाही.

माचे आम्ही मोडलेले नाहीत. तुम्ही सांगितलंत तसे भिंतीपासून हात-दोन हात पुढे ओढून ठेवलेत, म्हणजे ओल लागणार नाही. गाद्या माळ्यावर गेल्या. वाशांना दिवाळीत पुन्हा चुना मारायचं यजमान म्हणत होते, मी सांगितलंय की फुल्यांना हात लावायचा नाही.

दिवाळी झाली की आम्ही दोघं आठ दिवस गावी येतोय. तुमच्या पडवीसाठी माणगा तोडायचा आहे. आमच्या व्हाळाकाठचं बेट तयार झालंय, कुठला तोडायचा ते तुम्ही दाखवा, उचलायला आणि व्हाळात बुडवायला माझी दोन्ही मुलं आहेत. नाही म्हणू नका.

आणखी एक. तुमचा निळ्या काठाचा पंचा गोठ्यातल्या खुंटीवर राहिला होता. त्याला कोळशाचे डाग होते. सासूबाईंनी तो धुवून, घडी घालून देवाच्या फडताळात ठेवलाय. तुम्ही स्वतः येऊन न्यावा असा त्यांचा निरोप आहे, आणि येताना काकूंना घेऊन यायचं. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं करणार आहेत.

तुमची,
थोरली वैनी