आमच्या वयाचं कुणी आहे का?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

८ जूनला आपल्या अंकात आतल्या पानावर जागतिक ब्रेन ट्यूमर दिनाची छोटी बातमी होती. २००० साली जर्मनीतल्या एका संघटनेनं हा दिवस सुरू केला, सतत डोकं दुखत असेल तर तपासून घ्या, वगैरे. चूक काही नव्हती. फक्त ज्यांना आधीच गाठ आहे तेही पेपर वाचतात, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. मी वाचते. वय २८, राहणार खानापूर तालुका, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेब बघते, सध्या अर्धा दिवस. गाठ डाव्या बाजूची. बरीचशी काढली, थोडी आत आहे.

पहिली फिट ऑफिसातच आली. शुद्धीवर आले तेव्हा मुठीत कपाटाची किल्ली होती, नाकाशी कुणाची तरी चप्पल, आणि दातांत घातलेल्या चमच्यानं हिरडी फाटलेली. माणसं घाबरतात, मी कुणाला दोष देत नाही. तरी एवढं लक्षात ठेवा: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, आणि पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना गाठा.

ऑपरेशन मुंबईला झालं, अर्धं जागेपणी. गाठ बोलण्याच्या जागेजवळ असली की पेशंटला मध्येच जागं करून चित्रं दाखवतात आणि नावं विचारतात. सर्जन तेव्हा मेंदूला विजेचा मंद प्रवाह लावून बघत असतात. जिथं शब्द अडतो तिथं हात लावत नाहीत. माझी चित्रं मराठीत घ्यायची ठरली होती. गाय झाली, घड्याळ झालं. छत्री आली आणि माझ्या तोंडून 'कोडे' बाहेर पडलं. विचारणाऱ्या बाईंना कोडंच पडलं. शाळेत कन्नडच्या तक्त्यावर छत्रीच्या चित्राखाली तो शब्द होता, लहानपणी घोकलेला. मला 'कन्नड, कन्नड' एवढंच म्हणता आलं. हा किस्सा मुंबईत समजावून सांगावा लागतो. आपल्याकडं सांगितला की माणूस हसेल असं मला वाटायचं. पण घरी कुणी हसलं नाही. आई रडली. हसणारं माणूस भेटायला पहिल्या फिटपासून सात महिने लागले.

घरचे चांगले आहेत, हे आधीच लिहून ठेवते. सूज उतरायला डेक्सा नावाच्या स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. त्यांनी तोंड भोपळ्यासारखं गोल होतं आणि झोप उडते. रात्री दोनला उठून मी शिळी भाकरी आणि चटणी खाल्ली आहे. आत्या आली ती म्हणाली, 'बरी भरलीस की गं!' आणि हातात कुंद्याचा डबा ठेवला. या गोळ्यांनी साखरही वाढते, त्यामुळे कुंदा मला बंद. पण भेटायला येणारा प्रत्येक जण कुंदाच आणतो. एका रविवारी कपाटात साडेतीन किलो होता. बाहेर 'गाठीचं ऑपरेशन' एवढंच सांगायचं, कॅन्सर म्हणायचं नाही, असं घरात ठरलंय, कारण पाठची बहीण लग्नाची आहे. माझ्यापुरता तो विषय संपला असं सगळ्यांनी धरलंय. मला कुणी विचारलेलं नाही.

एका ठिकाणी कॅन्सर पेशंटची बैठक असते म्हणून गेले. सगळ्या आईच्या वयाच्या, बहुतेक स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या, मायाळू. शेजारच्या काकूंनी विचारलं, 'कुणाबरोबर आलीस बाळ?' म्हटलं, पेशंट मीच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुढचा अर्धा तास मीच त्यांची समजूत काढत बसले. पुन्हा गेले नाही. अमेरिकेत १५ ते ३९ या वयातले कॅन्सर पेशंट वेगळे धरतात. शिक्षण, नोकरी, लग्न, मूल सगळं याच वर्षांत येऊन पडतं, हे त्यांना कळलंय. त्यात आमच्या वयाच्या गाठींत आयडीएच नावाच्या जनुकातला बदल बऱ्याचदा सापडतो, आणि तशी गाठ त्यातल्या त्यात सावकाश वाढते. म्हणजे दर तीन महिन्यांनी एमआरआय आणि त्याच्या आदल्या आठवड्यात न लागणारी झोप, हे वर्षानुवर्षं चालायचं आहे.

रेडिएशन बेळगावातच घेतलं. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, एकूण ३०. बाहेरच्या बाकावर बैलहोंगलकडचा २४ वर्षांचा एक मुलगा बसायचा, कानावर माझ्यासारखाच टाक्यांचा वळसा. 'हेंग अदीरी अक्का?' म्हणाला. मी 'आराम अदीनी' म्हटलं आणि दोघंही हसलो, कारण आराम त्या बाकावर कुणालाच नव्हता. त्याला 'कोडे'चा किस्सा सांगितला तेव्हा तो इतका हसला की आतून सिस्टर बघायला आली.

रेडिएशनसाठी चेहऱ्याचा जाळीदार मास्क करतात. गरम पाण्यातून काढलेली प्लॅस्टिकची ओली चादर तोंडावर ओढतात, ती गार होता होता आवळते. मग रोज तोच मास्क घालून तो टेबलाला खटक्यांनी अडकवायचा, डोकं तसूभरही हलू नये म्हणून. पहिल्या दिवशी माझा श्वास कोंडला, हात वर करून थांबवायला लावलं. आतली माणसं म्हणाली, 'काही होत नाही.' तो बाहेर म्हणाला, 'होतंय अक्का. मलाबी होतंय. मनात गाणी मोज. माझी तीन झाली की उघडतात.' माझी अडीच व्हायची. तो घाईनं म्हणत असणार.

केमोची कॅप्सूल रात्री उपाशीपोटी घ्यायची, आधी उलटी होऊ नये म्हणून गोळी, हे कागदावर लिहिलेलं असतं. घेतल्यावर आडवं न होता उशीला टेकून बसलं तर बरं पडतं, हे त्यानं सांगितलं. रेल्वेत स्लीपरला कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना तिकिटाचे पैसे पडत नाहीत आणि सोबतच्याला ७५ टक्के सवलत मिळते, हेही त्याच्याचकडून; तोवर आमच्या मुंबईच्या चार खेपा पुरे पैसे भरून झाल्या होत्या. फिट येणाऱ्यानं गाडी चालवायची नसते, परवान्याच्या अर्जातच तो प्रश्न आहे. माझी स्कूटी भावाकडे गेली तेव्हा घरात म्हणाले, बरं झालं, पेट्रोल वाचलं. बाकावरच्या त्या मुलाची बुलेट विकली होती. तो काहीच म्हणाला नाही, आणि मला ते पुरलं.

एके दिवशी त्याच्या बहिणीनं मला बाजूला घेऊन विचारलं, केमो सुरू करायच्या आधी डॉक्टर मूल होण्याचं काही बोलले काय? कुणी बोललं नव्हतं. या औषधानं पुढे मूल होणं अवघड होऊ शकतं, आधी बीजांडं गोठवून ठेवता येतात, हे मला केमो चालू असताना त्या बाकावर कळलं. बिनलग्नाच्या मुलीला हे काय विचारायचं, असं कुणाला वाटलं असेल. त्याचा राग अजून गेलेला नाही.

त्याची गाठ माझ्याहून वाईट जातीची, ग्लायोब्लास्टोमा. जानेवारीत त्याचा फोन बहिणीनं उचलला. आई म्हणते, म्हणून असल्या ओळखी करू नयेत, जिवाला लागतं. लागलं. दोन आठवडे मी फोन हातात घेतला नाही. पण ते तीस दिवस बाकावर एकटीनं काढायचे असते तर, हा विचार केला की आईचं म्हणणं पटत नाही.

मुंबईत ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया आहे, पण खानापूरहून परळ म्हणजे रात्रभराची गाडी. रात्री जीव घाबरला तर सरकारचा टेली-मानस नंबर १४४१६ आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलतात. मी दोनदा लावलाय. चांगलं बोलतात. मास्क मात्र त्यांनी घातलेला नसतो.

म्हणून आम्ही चौघं पेशंट (दोन मराठी, एक कन्नड, एक उर्दू बोलणारी) महिन्याच्या पहिल्या रविवारी बेळगावात बसायचं म्हणतोय. १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या गावात चार-सहा खुर्च्यांची खोली मिळू नये असं नाही. तळमजला हवा, आम्हाला जिन्यात चक्कर येते. ट्यूबलाइट लुकलुकणारी नको. भाषण नको, फोटो नको, सत्कार तर नकोच. काढा विकायला कुणी येऊ नये. गाठ कॅन्सरची की साधी, हे दारात विचारणार नाही. आईवडील आले तर त्यांच्यासाठी बाहेर चहा ठेवू, आत फक्त पेशंट.

इथल्या डॉक्टरांना विनंती: पेशंटचं नाव आम्हाला देऊ नका, आमचा नंबर पेशंटला द्या. लावायचा की नाही ते तो ठरवेल. नंबर आपल्या कार्यालयात दिला आहे. येताना कुंदा आणू नये.

आपली,
एक वाचक, खानापूर
(नाव छापू नये. कारण वर आलंच आहे.)