मुलींच्या शिट्ट्या आणि टेकडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तळजाईवर संध्याकाळी मुली ‘टवाळ पोरांसारख्या’ शिट्ट्या मारतात आणि ते शोभत नाही, अशी एका वाचकाची तक्रार आपल्या अंकात वाचली. त्या मुलींपैकी निदान एक माझी नात आहे. तोंडात बोटं घालून शिट्टी मारायला तिला मीच शिकवलं, म्हणून हे पत्र.

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात वडील कामावरून आले की बोळाच्या तोंडाशीच शिट्टी मारत. दोन आखूड, एक लांब. आई चहाचं आधण ठेवायची आणि नदीकाठी उंडारणारी आम्ही भावंडं घराकडे पळत सुटायचो. थोरल्या भावाला वडिलांनी ती हौसेने शिकवली, मला नाही. आजीच्या मते मुलीने शीळ घातली की घरात अवदसा येते, आणि रात्री घातली तर साप. मग मी भावाकडूनच शिकले, वाड्यामागच्या हौदापाशी, लपून. पुढे कॉलेजला जाता-येता आम्हा मुलींना शिट्ट्या ऐकाव्या लागत, तेव्हा ‘हे शोभतं का’ असं पत्र कुणी पेपरात लिहिल्याचं मला आठवत नाही.

शिकायला ती अवघड आहे, हे खरं. ओठ दातांवरून आत ओढायचे, जिभेचं टोक बोटांनी मागे दुमडायचं आणि हवा खालच्या ओठावर सोडायची. सुरुवातीला नुसतं फुस्स होतं आणि हनुवटीवर थुंकी येते. जोर लावून उपयोग नाही, चक्कर तेवढी येते. बोटांचा कोन जरा जरा बदलत जागा शोधावी लागते, आणि ती सापडली की घरच्यांची धडगत नसते. (बोटं धुतलेली हवीत, हे नातीला अजून सांगावं लागतं.) जावई मात्र फुस्सवरच अडकलेत.

शिट्टीचा सूर साधारण १ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि आपला कान तिथेच सर्वांत तिखट, म्हणून ती गोंगाटातूनही वाट काढते. कॅनरी बेटांपैकी ला गोमेरावर लोक दऱ्यांच्या पलीकडे चक्क शिट्टीतून बोलतात. ही भाषा तिथल्या शाळांत १९९९ पासून सक्तीने शिकवतात आणि २००९ साली युनेस्कोने तिला सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला. आम्हाला एवढं लांब जायला नको, विसर्जनाला लक्ष्मी रस्ता पुरतो. ढोल-ताशांत हाक ऐकू येत नाही, फोन लागत नाही. पथकांच्या शिट्ट्या चालूच असतात, म्हणून आमच्या घराची चाल ठरलेली आहे, तीच वडिलांची. ह्यांना ती आता नीटशी ऐकू येत नाही, वयाने आधी उंच सूरच जातात. त्यामुळे गर्दीत त्यांचा हात धरून ठेवायचं काम नातीकडे.

पावसाळ्यात सिंहगडावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. गिर्यारोहकांची संकटाची खूण अशी: एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर देणाऱ्याने मिनिटाला तीन द्यायच्या. गळ्यात प्लॅस्टिकची शिट्टी असली तर उत्तमच, पण ती नेमकी घरी राहते. मुलांना गडावर नेणाऱ्या शाळांनी ही खूण आधी शिकवावी, मुलींना वगळून नव्हे.

तळजाईवरच्या मोरांना त्रास होतो, हा त्या वाचकांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. झाडीच्या बाजूला शिट्टी मारायची नाही, मैदानातच मारायची, असं नातीला बजावलंय. तिच्या मैत्रिणींना त्यांनी स्वतः सांगितलं तरी चालेल, फक्त ‘टवाळ’ म्हणू नये.

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे