‘कोमिये रेस्ते?’ : मॉरिशसच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मुलांना शाळेत घरच्या भाषेतून, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या आमच्या क्रिओलमधून, समजावावं या विषयावर याआधी इंग्रजीत दोन पत्रं लिहिली, फ्रेंचमध्ये एक. कुणाकुणाला, ते सांगत बसत नाही. पोच तिन्हींची आली, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे चौथं मराठीत. वाचायला माणूस नाही ही सबब मात्र नको. मराठी आपल्या सरकारी शाळांत शिकवली जाते, आणि ती शिकवण्याचा पगार मी तीस वर्षं याच सरकारकडून घेतला आहे.

निमित्त गेल्या मंगळवारचं. नातवाच्या शाळेतून पत्र आलं. सून हॉटेलात खोल्या आवरते. रात्री दहाला आली, कागद उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यासमोर ठेवला. पत्र इंग्रजीत होतं. मजकूर असा, की मुलाला इंग्रजी वाचता येत नाही, कबूल केलेले जादा शिक्षक यंदा मिळणार नाहीत, तरी पालकांनी खासगी सोय पाहावी. इंग्रजी न येणाऱ्या घराला हे इंग्रजीत कळवणाऱ्याचं मला खरोखर कौतुक वाटलं.

हे शिक्षक कबूल केले होते गणेश चतुर्थीला. फेटा बांधून आलेल्या एका नेत्यानं, समुद्रावर, शंभर माणसांसमोर माझा हात धरून सांगितलं, “आजा, दोन महिन्यांत शिक्षक देतो.” मोदक गेला पोटात, शब्द गेला विसर्जनात.

खासगी सोय म्हणजे लेसों, शिकवणी. तीन विषयांचे महिन्याला अडीच हजार रुपये. सकाळी वर्गात जे उरकतं, तेच दुपारी पैसे मोजले की नीट समजतं, हा चमत्कार मी नोकरीत असताना रोज पाहिला आहे. माझ्या अंदाजानं वर्गातली तीसपैकी पंचवीस मुलं लेसोंला जातात. अंदाज चुकला असेल तर तुमचा आकडा जाहीर करा. आणि या शिक्षणाला आपण मोफत म्हणतो!

मुलगा मठ्ठ नाही हो. बोटीचं इंजिन उघडून परत बसवतो. बाजारात मासळीचा हिशेब तोंडी करतो. सहावीला पीएसएसी या प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेआधी त्याला गणिताचा जुना पेपर सोडवायला बसवलं. एक प्रश्न तीनदा वाचला आणि पेन्सिल खाली ठेवली. मी तोच प्रश्न क्रिओलमध्ये विचारला, “कोमिये रेस्ते?” किती उरले? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर आलं, आणि बरोबर आलं. त्या परीक्षेत तो गणितात नापास झाला.

मग त्याला ‘एक्स्टेंडेड’ या मागे पडलेल्यांच्या वर्गात घातलं. इतरांचा तीन वर्षांचा अभ्यास यांना चार वर्षांत, आणि शेवटी एनसीई या नववीच्या परीक्षेचा पेपर तोच, भाषा तीच. चालता येत नाही म्हणून रस्ता लांब करून दिला. त्या वर्गांतून फार थोडी मुलं उत्तीर्ण झाली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आता त्याच्या जागी ‘फाउंडेशन’. प्राथमिकची परीक्षा आधी सीपीई होती, २०१७ पासून पीएसएसी झाली. त्याच्याही आधी एका सरकारनं त्या परीक्षेतली मुलांची क्रमवारी काढून टाकली, २००५ नंतरच्या सरकारनं ए-प्लस ही श्रेणी आणून ती मागच्या दारानं आत घेतली. तो ए-प्लस आणणारे शिक्षणमंत्री आज आपले राष्ट्रपती आहेत. पाट्या रंगवणाऱ्याला या देशात कामाची कमी पडणार नाही.

१९५७ च्या नियमात लिहिलं आहे, की खालच्या वर्गांत मंत्र्यांना योग्य वाटेल ती भाषा वापरावी आणि चौथीपासून इंग्रजी. नियम गोऱ्या साहेबाच्या काळातला. साहेब १९६८ साली गेला.

दहातल्या आठ-नऊ घरांत क्रिओल बोलतात. माझ्याही घरात. २०१२ पासून क्रिओल शाळेत आली खरी, पण ऐच्छिक विषय म्हणून, आणि बसवली कुठे, तर मराठी, हिंदी, तमिळ, उर्दूच्या रांगेत. एक घ्या, दुसरी सोडा. म्हणजे माझ्या नातवानं आजोबांची भाषा घेतली की स्वतःची भाषा शाळेच्या फाटकाबाहेर राहिली. तिच्यात गणित, विज्ञान शिकवणं तर लांबच. फोनवर तो दिवसभर क्रिओल लिहितो, कुणी न शिकवता.

आता आमचेच लोक चिडतील. मराठीच्या मास्तरानं क्रिओलची वकिली करावी? रत्नागिरीहून उसाच्या मळ्यात आलेल्या पणजोबांचं नाव काढतील. काढू द्या. मराठी माझं अन्न आहे, तिच्यासाठी पुण्यात चार वर्षं डाळ-भातावर काढली. पण पोराला भागाकार समजायला हवा, आणि तो ज्या भाषेत समजतो त्या भाषेत मी समजावणार. जातीजमातीच्या मतांचा हिशेब ज्यांना करायचा त्यांनी करावा. तोच हिशेब तुम्हा सर्वांना इतकी वर्षं गप्प बसवतो आहे, हे काय मला कळत नाही?

२० मे १९७५ ला मी पंधरा वर्षांचा होतो. मोठ्या कॉलेजातल्या मुलांना जे मिळतं ते आम्हाला का नाही, म्हणून विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ग्रां रिव्हिएरच्या पुलावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. मी तिथे होतो. डोळे दोन दिवस चुरचुरत होते. आमच्या घरात एकाच मुलाच्या फीपुरते पैसे होते, म्हणून माझ्या बहिणीला शाळेतून काढलं होतं. ती माझ्यापेक्षा हुशार. १९७७ ला माध्यमिक शिक्षण मोफत झालं तेव्हा ती मळ्यात ऊस बांधत होती. परवा नातवाचं पत्र तिला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून चहा टाकला.

संसदेच्या मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एका बाजूला जाताना मी तीनदा पाहिल्या : १९८२, १९९५ आणि २०२४. इतकं बहुमत मिळून जे ठरत नाही ते कशानं ठरणार? मतं मागायच्या सभेत मात्र सगळे पुढारी अस्खलित क्रिओल बोलतात. तिथे कुणाला इंग्रजी आठवत नाही. पाणी नळाला येत नाही, दवाखान्यात चार-चार तास बाकावर बसावं लागतं, आणि परीक्षेच्या निकालाच्या दिवशी आपण मूठभर लोरियांना, म्हणजे शिष्यवृत्ती पटकावणाऱ्यांना, खांद्यावर घेऊन नाचतो. ती मुलं परदेशी जातात, त्यांतली कितीतरी परत येत नाहीत. आणि जी इथेच राहणार, बोटी चालवणार, खोल्या आवरणार, त्यांच्या प्रश्नपत्रिका इंग्रजीत.

मागणं लहान आहे. वाचायला शिकवणारा एक शिक्षक. आणि गणिताच्या पेपरात प्रत्येक प्रश्नाखाली तोच प्रश्न क्रिओलमध्ये, एका ओळीत. शाईचा खर्च काय तो होईल. नेमणूक होईपर्यंत मी रोज सकाळी शाळेत जाऊन बसायला तयार आहे, बिनपगारी. माझं वय झालं म्हणून नको असेल तर तसं कळवा.

उत्तर मला इंग्रजीत नको, मराठीतही नको. क्रिओलमध्ये द्या, आणि पत्रावर नाव नातवाचं घाला. तो स्वतः वाचील.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक
रिव्हिएर न्वार जिल्हा, मॉरिशस