धायरीचा मतदार बारामतीत का, याचं कारण लेखी द्या

प्रति,
मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
नवी दिल्ली

विषय : लोकसभा मतदारसंघांच्या पुढच्या पुनर्रचनेबाबत

महोदय,

मी पुण्यात सिंहगड रस्त्याला, धायरीत राहतो. घरपट्टी पुणे महापालिकेला भरतो. लोकसभेला मात्र माझं मत बारामतीत मोजलं जातं, कारण खडकवासला विधानसभा मतदारसंघ बारामतीला जोडलेला आहे. हडपसरकर शिरूरचे मतदार. त्याच मतदारसंघाचं दुसरं टोक जुन्नर तालुक्यात, माळशेज घाटाशी. चिंचवड मावळात येतं आणि मावळ घाट उतरून कर्जत, पनवेल करत उरणच्या खाडीपर्यंत जातो.

मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या, न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या परिसीमन आयोगाची ही आखणी २००८ साली लागू झाली आणि २००९ची निवडणूक तिच्यावर झाली. जुना खेड मतदारसंघ गेला, मावळ आणि शिरूर आले. आयोगानं कुणाच्या सोयीसाठी हे केलं असं मी म्हणत नाही. मतदारसंघांची लोकसंख्या शक्यतो सारखी ठेवायची, तर एवढं पुणे एका मतदारसंघात मावणार नव्हतं. काही भाग बाहेर जोडावाच लागणार होता. पण कोणता भाग तोडायचा आणि कुठे जोडायचा, हे गणित ठरवत नाही. ते माणसं ठरवतात.

पाण्याचंच बघा. खडकवासल्याचं पाणी पुणं पितं आणि त्याच धरणाचा कालवा दौंड-इंदापूरची शेती भिजवतो. उन्हाळा आला की शहराला किती आणि शेतीच्या आवर्तनाला किती, यावरून दरवर्षी ओढाताण होते. धायरी, दौंड आणि इंदापूर हे तिन्ही एकाच खासदाराकडे. दोन्ही बाजू ऐकणारा एक माणूस दिल्लीत असणं चांगलंच, असं कुणी म्हणेल, आणि मला ते पटण्यासारखं आहे. पण आयोगानं याच विचारानं खडकवासला बारामतीला दिला, की आकडा जुळवायला दिला? आदेशात तालुके, महसूल मंडळं आणि वॉर्ड क्रमांकांची यादी आहे. कारण नाही.

१८१२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या आखणीतला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता, की व्यंगचित्रात त्याला पंख आणि नख्या जोडून सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा प्राणी, केलं गेलं. तेव्हापासून वाकडा आकार दिसला की लोक लबाडी शोधतात. ते पुरेसं नाही. वाकड्या रेघेमागे नदी किंवा डोंगर असू शकतो, आणि अगदी चौकोनी रेघही एखादी वस्ती मधोमध चिरू शकते. आकारावरून हेतू कळत नाही, म्हणूनच तो लिहिलेला हवा.

२००२च्या परिसीमन कायद्यातलं कलम ९ सांगतं की मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या आटोपशीर असावेत. नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. कसोट्या उत्तम आहेत. त्यातली कोणती कुठे वरचढ ठरली, हे मतदाराला कधीच कळत नाही. आयोगासोबत बसणारे सहयोगी सदस्य म्हणजे खासदार आणि आमदारच. त्यांना मत नसतं, पण आयोगाच्या इतक्या जवळ बसून बोलायची संधी सामान्य माणसाला मिळत नाही. आणि अंतिम आदेशानंतर संविधानाच्या कलम ३२९ मुळे न्यायालयाचा रस्ताही जवळपास बंद होतो.

म्हणून नव्या आयोगाच्या कायद्यातच दोन गोष्टी घाला. प्रत्येक मतदारसंघाचा मसुदा रस्ते आणि नाले दिसतील अशा नकाशासह, मराठीत, आणि प्रशासकीय हद्द जिथे जिथे तोडली तिथलं कारण नोंदवून प्रसिद्ध व्हावा. आणि जे शहर एकाहून अधिक मतदारसंघांत वाटलं जाणार आहे, तिथे सुनावणी त्याच शहरात व्हावी. पुण्यात ती ठेवलीत तर हडपसर, धायरी आणि चिंचवडहून माणसं येतील. उरणच्या मतदारांसाठी मात्र ती घाटाखाली, पनवेलला वेगळी घ्यावी लागेल.

आपला,
धायरीतील एक मतदार