बाजीरावाची सही

पुणे, रविवार

प्रिय सुधीर,

परवा फोनवर तू म्हणालास, "दुसरा बाजीराव इंग्रजांच्या हातातलं बाहुलं. त्याला कसला दोष द्यायचा?" तेव्हा गप्प बसलो, पण ते डोक्यातून जाईना. आज सकाळी विश्रामबागवाड्यापाशी ते लाकडी सुरूदार खांब बघत बराच वेळ उभा राहिलो. वसईच्या तहानंतर, ईस्ट इंडिया कंपनीची फौज पाठीशी असताना त्याने हा वाडा बांधला.

दोष आहे रे, आणि तो तहाच्याही आधीचा. १८०१ मध्ये त्याने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं. मग त्यांचे भाऊ यशवंतराव होळकर चालून आले. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला शिंदे-पेशव्यांची फौज मोडली, बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईत इंग्रजांच्या तहावर सही करून बसला. आपल्याच माणसांपासून गादी वाचवायला त्याने परक्याला हाक मारली. ती सही त्याच्याकडून कुणी हात धरून करून घेतली नव्हती.

तहातलं कंपनीचं सहा हजार पायदळ आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख, हे आपण शाळेपासून घोकतो. मला जास्त झोंबतं ते वेगळंच. निजाम आणि बडोद्याच्या गायकवाडांशी तंटा झाला तर निवाडा कंपनी करणार, आणि दुसऱ्या कुणाशी बोलणी करायची तर आधी कंपनीला विचारायचं! म्हणून तर गायकवाडांच्या थकबाकीच्या हिशेबाला त्यांचे वकील गंगाधरशास्त्री पुण्यात आले ते इंग्रजांच्या हमीवर. १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला, पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने खुनाच्या आरोपावरून त्रिंबकजी डेंगळ्यांना मागितलं आणि पेशव्याला आपला सर्वांत जवळचा माणूस हवाली करावा लागला. ते ठाण्याच्या कैदेतून निसटले, तर १८१७ मध्ये सिंहगड, पुरंदर आणि रायगड तारण मागितले. त्याने तेही दिले. आपण दोघं पहाटे ज्या सिंहगडावर चढायचो, तो तारण! अजून पोटात तुटतं.

तुझं एक मान्य. शेवटी तो उठला. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला इंग्रजांशी खडकीची लढाई झाली, संगमावरची त्यांची रेसिडेन्सी जळाली. पण तोवर गायकवाड हातचे गेलेले, किल्ले देऊन झालेले.

मे महिन्यात येशील ना? वाड्यापासून संगमापर्यंत चालत जाऊ. उरलेलं भांडण तिथेच करू.

तुझा,
अनंत